बाळंतिणीचे ताट

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात गाय व्याली की शेजारीपाजारी चिकाचा तांब्या आधीच सांगून ठेवलेला असतो. त्या दोन-तीन दिवसांच्या दाट, पिवळसर दुधाचा खरवस हे घराघरांतले कौतुक. पण आधी वासराला पोटभर पाजायचे आणि मगच उरलेला चीक काढायचा, हे साध्या गुराख्यालाही ठाऊक असते. चीक न मिळालेले वासरू अशक्त राहते, रोगाला बळी पडते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. त्याच गावात, बहुधा त्याच घरात, सुनेला आलेला पहिला चीक मात्र ‘जड आहे’, ‘नऊ महिने साठलेला आहे’, ‘बाळाला पचायचा नाही’ असे म्हणून पिळून टाकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गोठ्यात एक शास्त्र आणि माजघरात दुसरे, असा हा व्यवहार आहे. वासराच्या बाबतीत जे अनुभवाने कळले, ते नातवाच्या बाबतीत का कळू नये, हा प्रश्न कोणाला फारसा पडलेला दिसत नाही.

आता बाळंतपणे घरी होत नाहीत, रुग्णालयात होतात. तेव्हा ही रीत आपोआप मोडली असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. आकडे तसे सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील ७८.९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांमध्ये झाल्याचे आढळले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. या काळात जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर आले, म्हणजे जागचे हललेच नाही. बाळंतपण सुईणीच्या हातून डॉक्टरांच्या हाती गेले, खाटा वाढल्या, रुग्णवाहिका आल्या. पण शंभरांतील अठ्ठावन्न बालकांचा पहिला तास कोरडाच राहिला.

तो तास कुठे जातो, हे पाहण्यासाठी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिले तरी पुरे. शस्त्रक्रिया झालेली आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत. मग वजन, स्नान, दुपट्यात गुंडाळणे, छायाचित्रे, दूरध्वनी. तोवर आजी किंवा आत्या बोटाने मध चाटवते, कोणी साखरपाणी घालते, आणि ‘अजून दूध आलेले नाही’ म्हणून परिचारिकेकडे डब्यातल्या दुधाची चौकशी सुरू होते. वास्तविक पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी चमचाभरच मावते, आणि निसर्ग त्या वेळी चमचाभरच देतो. तो चमचाभर चीक म्हणजे रोगप्रतिकारक द्रव्यांचा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तरी आई शुद्धीवर असेल, तर कुशीवर निजून, दुसऱ्याच्या आधाराने ती पाजू शकते. त्यासाठी मागणी करणारे कोणीतरी हवे. ते काम पतीचे किंवा सासू-आईचे आहे. वेदनेने गळालेल्या स्त्रीने स्वतःच भांडून हा हक्क मिळवावा, ही अपेक्षा योग्य नव्हे.

ग्रंथांत काय आहे?

मध चाटवण्याच्या समर्थनार्थ आयुर्वेदाचा आणि संस्कारांचा दाखला हटकून दिला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही. जातकर्मात मध-तुपाचे चाटण सांगितलेले आहे. परंतु त्यानंतर काय, याविषयी आपल्या आचार्यांत एकमत नाही, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. सुश्रुतसंहितेत स्तन्य तिसऱ्या-चौथ्या रात्री प्रवृत्त होते असे मानून तोवर मध-तुपाची योजना केली आहे. चरकसंहितेत मात्र जातकर्मानंतर बाळाला प्रथम उजव्या स्तनाचे दूध पाजावे, असा निर्देश आहे. म्हणजे चीक टाकून देण्याला सगळ्या शास्त्राचा एकमुखी आधार आहे, हे म्हणणे टिकत नाही. आचार्यांनी आपापल्या काळात जे पाहिले ते लिहिले, एकमेकांशी मतभेदही निःसंकोच नोंदवले. आज मधातून क्वचित अर्भकाच्या शरीरात जाणाऱ्या जंतुबीजांमुळे ‘बोट्युलिझम’ हा पक्षाघातासारखा गंभीर विकार होऊ शकतो, हे ठाऊक झाले आहे, आणि म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. संस्कार करावयाचाच असेल तर तो मंत्रांनी आणि आईच्या चिकाने करावा. त्याने परंपरेचा अवमान होत नाही.

आणि त्याच सुश्रुतांनी दुसरे जे लिहून ठेवले आहे, ते वाचून आजचा शरीरक्रियाशास्त्रज्ञही थक्क होतो. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेही स्तन्य वाहू लागते आणि त्या प्रवाहाचे कारण अखंड स्नेह हे आहे; क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी ते नाहीसे होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मराठीत याला ‘पान्हा’ असा सुंदर शब्द आहे. आधुनिक विज्ञान सांगते की बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके स्रवतात. त्यांतले ‘प्रोलॅक्टिन’ दूध तयार करते आणि ‘ऑक्सिटोसिन’ ते बाहेर वाहते करते. यातले दुसरे मनाच्या अवस्थेवर विलक्षण अवलंबून असते. वेदना, भीती, अपमान, चिंता यांनी ते अडते. परक्या माणसाने कास धरली की गाय पान्हा चोरते, हे गोठ्यातले ज्ञान इथेही तेच सांगते. जिला दिवसातून चार वेळा ‘तुला दूधच नाही’ असे ऐकवले जाते, तिचा पान्हा आटल्यास नवल ते काय!

काश्यपसंहिता हा आपल्याकडचा बालरोग आणि सूतिकाविषयक प्रमुख ग्रंथ. दुर्दैवाने तो खंडित स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात बाळंतिणीचा आहार देशपरत्वे आणि कुलाचारपरत्वे वेगवेगळा सांगितला आहे. पाणथळ प्रदेशातील स्त्रीला एक, कोरड्या प्रदेशातील स्त्रीला दुसरा. हा भाग आज मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. कारण ‘बाळंतिणीने हेच खावे आणि ते खाऊ नये’ असे एकच पथ्यपत्रक सगळ्यांवर लादण्याची रीत ना ग्रंथांत होती, ना महाराष्ट्रात. कोकण-गोव्यात मेथ्यांची पेज, घाटावर बाजरीची भाकरी, लसूण आणि शेपूची भाजी, कुठे कुळथाचे कढण, कुठे मेथकूट-तूप-मऊ भात. जिथे जे पिकते आणि पचते ते त्या त्या घरच्या जाणत्या बाईने ठरवले.

ताटात काय असावे

अंगावर पाजणारी आई दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध निर्माण करते. हे कारखानदारी भाषेत बोलायचे तर मोठे उत्पादन आहे आणि त्याला कच्चा माल लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने अशा स्त्रीला नेहमीपेक्षा दिवसाला ६०० उष्मांक आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. घरच्या मापात सांगायचे तर नेहमीच्या जेवणावर आणखी दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि पेलाभर दूध. गरिबाच्या घरीही जमेल असे हे गणित आहे. तरी ते जमत नाही, याचे कारण दारिद्र्य हे नेहमीच नसते. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर, उरलेले, थंड झालेले जेवते, आणि बाळंतीण झाली तरी सव्वा महिन्याच्या पलीकडे तिची ही सवय मोडत नाही. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या आकड्यात सुखवस्तू घरांतल्या लेकी-सुनाही आहेत.

येथे निसर्गाची एक तडजोड लक्षात घ्यावयास हवी. आई अर्धपोटी असली तरी दुधातील शर्करा, प्रथिने, कॅल्शियम यांचे प्रमाण फारसे घटत नाही. बाळाला मिळायचे ते मिळते. ते आईच्या हाडांतून आणि स्नायूंतून वजा होते. म्हणून ‘बाळ तर छान आहे’ हे आई नीट जेवते आहे याचे प्रमाण नव्हे. याउलट ‘अ’ आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे, आयोडीन यांचे दुधातील प्रमाण आईच्या आहारावर थेट ठरते. यांतले ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व शाकाहारी कुटुंबांनी विशेष गांभीर्याने घ्यावयास हवे. ते वनस्पतींत नसते; शाकाहारात त्याचा आधार म्हणजे दूध, दही, ताक. शुद्ध शाकाहाराचा अभिमान बाळगायचा आणि सुनेच्या वाट्याला चहापुरते दूध ठेवायचे, हे चालणार नाही. आईत या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असेल तर तिच्याच दुधावर वाढणारे मूल काही महिन्यांनी मलूल होते, मान धरेनासे होते, हातापायांना कंप सुटतो. बालरोगतज्ज्ञांना हे चित्र परिचित आहे. एक साधी रक्ततपासणी आणि वैद्यांनी सांगितल्यास गोळ्या, एवढ्याने हे टळते. जे अंडी-मासे खातात त्यांनी बाळंतपणात ती वर्ज्य करण्याचे काही कारण नाही.

परंपरेने दिलेल्या पदार्थांकडे पाहिले तर त्यांची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. अळिवात लोह आहे, आणि नारळ-गुळाबरोबर त्याचा लाडू वा खीर होते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तिळात त्याच्या कितीतरी पट. खारीक, खोबरे, डिंक, खसखस, सुंठ, बाळंतशेपा यांनी ताकद आणि रुची दोन्ही साधते. मात्र लाडू हे जेवणाचे पूरक आहेत, पर्याय नव्हेत. तूप-गूळ-डिंकाचे दोन मोठे लाडू पोटात गेले की भाजी-वरणाला जागा उरत नाही, आणि मध्यमवर्गीय घरांत नेमके हेच घडते. गरोदरपणी ज्यांना मधुमेह झाला होता त्यांनी तर लाडवांचा डबा डॉक्टरांना विचारूनच उघडावा. आणखी एक बारकावा असा की अळीव, पालेभाज्या, कडधान्ये यांतले लोह अंगी लागण्यासाठी सोबत लिंबू, आवळा, कोशिंबीर असे आंबट काही हवे. जेवणावर लगोलग घेतलेला चहा ते लोह वाया घालवतो. रक्तक्षयविरोधी शासकीय कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या आणि सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. बहुतेक घरांत त्यांची पाकिटे देवघराच्या फळीवर पडून असतात. या दोन गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे, इतकेच पथ्य.

खरी अडचण आहे ती काय खाऊ नये याच्या यादीची. पाणी कमी प्यावे, नाहीतर पोट सुटते. फळ खाल्ले की बाळाला सर्दी. पालेभाजीने हिरवे जुलाब, डाळीने वात, दह्याने कफ. अशी एकेक वस्तू वजा होत होत ताटात मऊ भात, तूप आणि मेथकूट एवढेच उरते. पहिले चार-आठ दिवस हलका आहार समजण्यासारखा आहे. तोच सहा आठवडे चालला तर बद्धकोष्ठ, अशक्तपणा आणि चिडचिड यांखेरीज हाती काही लागत नाही. संत्रे खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही. सर्दी होते ती विषाणूने, बहुधा पाहुण्यांनी बाळाच्या गालाचे पापे घेतल्याने. पाण्याच्या बाबतीत मोजमापाची गरज नाही. पाजायला बसताना शेजारी तांब्या-भांडे असावे आणि तहान लागेल तसे प्यावे. एखाद्या विशिष्ट पदार्थाने बाळाला खरेच त्रास होतो असे दोन-तीनदा दिसले तर तो एकच पदार्थ काही दिवस थांबवून पाहावा. सगळे ताट रिकामे करू नये.

जी वस्तू खरोखर वर्ज्य करायची तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ग्रामीण महाराष्ट्रातच नव्हे, शहरांतल्या वस्त्यांतही अनेक स्त्रिया दातांना मिश्री लावतात, आणि बाळंतपणातही ती सुटत नाही. तंबाखूतले निकोटिन दुधातून बाळाच्या पोटात जाते. शेगडीच्या धुराने कोंदलेल्या बंद खोलीचेही तेच. शेक घेण्याला हरकत नाही. पण आठ दिवसांच्या फुप्फुसांना धुरी कशासाठी? आणि मनाने घेतलेली औषधे, मग ती औषधाच्या दुकानातली असोत वा ‘निरुपद्रवी’ म्हणून घेतलेल्या जडीबुटीच्या पुड्या, वैद्यांना विचारल्याविना नकोतच.

‘दूध पुरत नाही’

स्तनपान सोडण्याची कारणे विचारली तर सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य हेच. प्रत्यक्षात ज्यांना शारीरिक कारणाने पुरेसे दूध येत नाही अशा माता थोड्या असतात. बाळ रडले, की दूध पुरत नाही असा निष्कर्ष. त्यावर उपाय म्हणून वरचे दूध. वरचे दूध प्यालेले बाळ झोपते, त्यामुळे आईला कमी चोखते. कमी चोखल्याने दूध कमी तयार होते, आणि आठ-दहा दिवसांत निष्कर्ष खरा ठरतो. विहिरीचे पाणी उपसले नाही तर झरे बुजतात, तशातला हा प्रकार. दूध वाढवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे बाळाला वारंवार, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, मागेल तेव्हा पाजणे. त्यात रात्रीचे पाजणे सोडता कामा नये, कारण दूध निर्माण करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. शतावरी, मेथी, लसूण यांची कीर्ती मोठी आहे. आधुनिक चाचण्यांतून मिळालेला पुरावा अद्याप अपुरा आणि संमिश्र आहे. प्रकृतीला मानवत असेल तर शतावरीचा कल्प दुधातून अवश्य घ्यावा. पण बाळाला पाळण्यात ठेवून कल्प घेतला तर उपयोग होणार नाही.

दूध पुरते की नाही हे ठरवण्याचे काम शेजारणीच्या नजरेवर सोडू नये. पहिला आठवडा उलटल्यावर केवळ आईच्या दुधावरचे बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, जन्मानंतर थोडे घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून काढीत असेल आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मग ते कितीही रडो. पाजताना सतत दुखत असेल, चिरा पडत असतील, तर दोष दुधाचा नसून धरण्याचा असतो. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि केवळ अग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात, अशी ठेवण जमली की बहुतेक दुखणी थांबतात. हे दाखवायला अनुभवी हात लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्या घरभेटींत स्तनपानाला साहाय्य हा महत्त्वाचा भाग होता. आज आशा कार्यकर्ती याच धर्तीवर घरी येते. तिला दारातूनच ‘सगळे ठीक आहे’ म्हणून परतवणे सुशिक्षित घरांत अधिक घडते, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता गुटीविषयी. हा विषय काढला की घरातली ज्येष्ठ मंडळी दुखावतात, कारण सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे वेढे उगाळणे हा आजीच्या मायेचाच एक भाग असतो. तरीही स्पष्ट बोलले पाहिजे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, अन्य काहीही नाही, या नियमात गुटीही येते, ग्राइप वॉटरही येते आणि पाणीही येते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. चंद्रपूरच्या मे महिन्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. उगाळलेल्या औषधाचे माप नक्की नसते, सहाण आणि पाणी निर्जंतुक नसते. आजीची माया व्यक्त व्हायला जागा पुष्कळ आहे. आईला दोन तास सलग झोप मिळावी म्हणून बाळाला छातीशी घेऊन बसणे, ही त्यातली सर्वांत मोठी.

डब्याचे राजकारण

वरच्या दुधाचा प्रसार आपोआप झालेला नाही. ‘गुटगुटीत बाळ’ स्पर्धा, डब्यावरचे हसरे गोंडस बालक, प्रसूतिगृहात मोफत वाटलेले नमुने यांतून काही दशके पद्धतशीरपणे असे बिंबवले गेले की डब्यातले दूध हे प्रगतीचे लक्षण आहे. गरिबाच्या घरी तो डबा आठ दिवसांऐवजी महिनाभर पुरवला जाई, दूषित पाण्यात पातळ करून. आणि मुले अतिसाराने व कुपोषणाने दगावत. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत अशा विपणनाला आळा घालणारी संहिता ११८ विरुद्ध एक मताने संमत झाली. विरोधातले ते एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला, २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या दूध-पर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने, डब्यावर बालकाचे चित्र, सारे निषिद्ध. जगातल्या कडक कायद्यांपैकी हा एक. पण बारशाच्या आहेरात बाटल्यांचा रंगीत संच आणणाऱ्या आप्तांना कोणता कायदा अडवणार? बाळंतविडा देण्याची चाल चांगली आहे. त्यात खारीक, खोबरे, अळीव, नाचणीचे पीठ द्यावे.

ज्या बाळांना आईचे दूध खरोखर मिळू शकत नाही, त्यांच्यासाठीही डबा हा पहिला पर्याय नव्हे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका मातेचे अधिकचे दूध तपासून, निर्जंतुक करून अकाली जन्मलेल्या दुसऱ्या मातेच्या बाळाला द्यायचे, यासारखे दान दुसरे कोणते असेल? रक्तदानाची शिबिरे गावोगाव भरतात. दुग्धपेढीचा पत्ता मात्र शहरातल्या डॉक्टर मंडळींनाही विचारावा लागतो.

हिरकणीच्या लेकी

तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तिच्या नावाचा बुरूज आहे, आणि एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ही आहेत. त्यांतले किती उघडे, किती कुलूपबंद आणि किती अडगळीने भरलेले, हे प्रवाशांनी एकदा डोकावून पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनाला असा कक्ष असावा हे ध्यानात आले. राज्याच्या सभागृहाची ही कथा, तर तालुक्याच्या कचेरीची काय सांगावी?

नोकरदार स्त्रीची प्रसूतिरजा २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईतो पाजण्यासाठी दिवसातून दोनदा विश्रांती, हाही तिचा हक्क आहे. रजा संपल्यावर दूध हाताने काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवता येते. ते थंड जागी चार तास, शीतकपाटात चोवीस तास चांगले राहते, आणि वाटी-चमच्याने पाजता येते. एवढी माहिती घरात असेल तर नोकरी आणि स्तनपान यांत एक निवडण्याची वेळ सहसा येत नाही. परंतु हे सारे पगारपत्रक असणाऱ्या स्त्रीसाठी. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांची गणना ‘कोयता’ या एककाने होते. त्या कोयत्यातली बाई फडात बाळंत होते आणि काही दिवसांत मोळ्या उचलू लागते. तिला सव्वा महिना नसतो, लाडू नसतात, पुष्कळदा ज्या गावी ती पोचली तेथील अंगणवाडीत नावही नसते. स्थलांतरित मातेला मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीतून आहार मिळवून देणे हे एखाद्या जागरूक कार्यकर्त्याला एका दिवसात करता येण्याजोगे काम आहे. साखर कारखान्याच्या परिसरात शाखा, पतसंस्था, महिला मंडळ असे काही ना काही असतेच.

सेवाकार्यात उतरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. महापूर, भूकंप आला की मदतीच्या वाहनांत कपडे-धान्यासोबत दूधभुकटीचे डबे आणि बाटल्या मोठ्या प्रमाणावर जातात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या प्रसंगी दात्यांचा हेतू निर्मळच असतो. परंतु मे २००६ मध्ये इंडोनेशियातील जावा बेटावरील भूकंपानंतर असे डबे मुक्तहस्ते वाटले गेले, आणि ज्या बालकांच्या घरी ते पोचले त्यांच्यात अतिसाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. पाणी गढूळ, इंधन नाही, बाटली उकळायची सोय नाही. आणि त्या चार दिवसांत आईचे दूध मात्र मागे पडते. म्हणून छावणीत तान्ह्या बाळांच्या मातांची वेगळी यादी करावी. त्यांना पडदा लावलेला कोपरा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि पंगतीतले पहिले गरम ताट मिळावे. भेदरलेल्या आईचे दूध आटले असे वाटले तर तिच्याजवळ एखादी अनुभवी स्त्री बसवावी आणि बाळाला वारंवार छातीशी लावावे. पान्हा पुन्हा फुटतो. ज्या बाळाची आईच उरली नसेल त्याच्यासाठीच भुकटी, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने.